दुसऱ्याच्या नावानं हजर

"काढ गं तो फ्रॉक! मळवशील."

सुपरवायझर मॅडमनी माझ्या चार वर्षांच्या वैशूच्या अंगातला गणवेश सगळ्यांदेखत ओढून काढला. पाहणीला आलेले साहेब आत्ताच गाडीत बसून गेले होते. पोर नुसत्या चड्डीवर उभी. मी म्हटलं, "घरी गेल्यावर काढते की, मॅडम. लगेच आणून देते."

त्या हसल्या. "राहू दे. तुमच्या पोरांना उघडं राहायची सवयच असते."

मीच त्या फ्रॉकची घडी घालून दिली. थू माझ्या तोंडावर!

आमच्या बोईसरच्या कडेला अंगणवाड्या दोन. कॉलनीजवळच्या अंगणवाडीत भिंतीवर मोर, घसरगुंडी, पंखा. पण पटावरची पोरं बसतात इंग्रजी नर्सरीत. दुसरी आमच्या पाड्यातली, पत्र्याची. तिथं मी मदतनीस. खेळणी त्यांच्याकडं, पोरं आमच्याकडं. म्हणून पाहणी आली का मॅडम रिक्षा धाडायच्या, आमची पोरं उसनी न्यायला; तिथं गेल्यावर त्यांच्या अंगात कॉलनीचा गणवेश. कॉलनीतल्या पोरांच्या नावाला 'हजर' म्हणायला शिकवायचं काम माझं. मीच पढवलं वैशूला, "आर्या म्हटलं का हात वर कर."

त्या दिवशी घरी आल्यावर हाक मारली, तर वैशू येईचना. म्हणाली, "आये, मला आर्याच म्हण. आर्याला फ्रॉक हाय."

डोक्यात जाळ झाला. एवढीशी पोर, आणि स्वतःचं नाव नको झालं तिला. तेही माझ्यामुळं.

पुढची पाहणी आली. मॅडमनी दारातच विचारलं, "पढवलंस ना?"

"चांगलं पढवलंय," मी म्हटलं. महिनाभर तेच करत होते.

साहेबांनी पट उघडला. "आर्या?"

वैशू उठली. "मी आर्या नाय. मी वैशू. पाड्यातली."

"पार्थ?"

"मी लक्षा. पाड्यातला."

एकामागून एक सगळी उठली. मॅडमचं तोंड पांढरंफटक. बघून पोट भरलं माझं, खोटं कशाला बोलू?

साहेब काही न विचारता पट मिटून गेल्यावर मॅडम दात खात म्हणाल्या, "तुझी नोकरी घालवते." आणि वैशूच्या फ्रॉकला हात घातला.

मी मनगट धरलं. "घालवा नोकरी. फ्रॉक निघायचा नाय."

पोरं गणवेशातच पाड्यावर आली. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. आता ज्या दिवशी पाहणी, त्या दिवशी मी कॉलनीच्या अंगणवाडीच्या दारात. पटावरची नावं मला पाठ आहेत, ती मी घेणार. मोठ्यानं. आणि एकेका नावाला विचारणार, कुठं हाय हे पोर?