मर्नाच्या बोटीवरचा संडास

नवरा एलवुड जानेवारीत गेला, ते तीन दिवस सोडले तर क्रिसफील्डच्या शाळेची बस चालवणाऱ्या मर्ना ब्रॅडशॉने एकतीस वर्षांत एक फेरी चुकवली नव्हती. एलवुडने मागे एक बोट ठेवली आणि तिचे सात वर्षांचे कर्ज. बोट विकायची नाही, हे तिने दफनाच्या दिवशीच ठरवले.

एप्रिलमध्ये कर खात्याचे पत्र आले. बोटीवर बिछाना, स्वयंपाकाची सोय आणि संडास असेल, तर ती दुसरे घर ठरते आणि कर्जाचे व्याज उत्पन्नातून वजा होते. ही वजावट ब्रॅडशॉ नवराबायको दरवर्षी घेत. दोन वर्षांपूर्वीच्या विवरणपत्रासाठी खात्याने पुरावा मागितला होता. वजावट गेली तर हप्ता झेपणार नव्हता, म्हणजे बोटही जाणार होती.

बिछाना होता, शेगडी होती. संडासाच्या जागी मात्र माशांसाठी बर्फाची पेटी होती. धक्क्यावरचे निम्मे पुरुष हेच करीत. मैल्याच्या टाकीचा वास नको म्हणून संडास उपटून काढीत.

धाकटा दीर नॉरिस म्हणाला, "वहिनी, माझ्या बोटीतला फोटो पाठव. संडासाला काय नावगाव असतं?"

"तुझ्या संडासाखाली माझी सही? नाही रे बाबा."

"मग वीक बोट. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

"ते तुलाच लखलाभ. तुझ्या भावानं आमचा संडास काढला कधी, तेवढं सांग."

"असलं कोण लिहून ठेवतंय!"

एक जण ठेवत होता. दर शनिवारी बोटींच्या संडासांच्या टाक्या उपसणारी होडी धक्क्यालगत फिरे. तिच्यावरचा ओटिस प्रत्येक बोटीचे नाव आणि तारीख वहीत टिपून ठेवी. शनिवारी सात वाजता मर्ना त्याच्यापुढे उभी राहिली.

"जुन्या वह्या आहेत का रे?"

"बाई, लोक नाक दाबून पळतात माझ्यापासून, आणि तुम्हाला वह्या हव्यात?"

"फेकल्या नाहीस ना?"

"घाण उपसतो म्हणून नोंद घाण नसते माझी."

खात्याने विचारलेल्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर त्यांच्या बोटीच्या अकरा नोंदी होत्या. मर्नाचा जीव भांड्यात पडला. मग तिने पुढची वही उघडली. गेल्या वर्षी एकही नोंद नव्हती, आणि त्या वर्षाचे विवरणपत्र तिने मार्चमध्येच, मागच्याप्रमाणे पुढे म्हणत, वजावटीसकट भरले होते.

"ते विचारलंय का कुणी?" सोबत आलेला नॉरिस कुजबुजला. "झाकली मूठ राहू दे, वहिनी."

"मला कळलंय, तेवढं पुरे."

तिने अकरा नोंदींच्या प्रती खात्याला पाठवल्या आणि त्याच दिवशी गेल्या वर्षाचे विवरणपत्र दुरुस्त करून भरले. फरकाच्या रकमेसाठी उन्हाळी सहलींच्या बसफेऱ्या मागून घेतल्या.

एलवुड काही फेकत नसे. जुना संडास गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली सापडला. तिने तो हातगाडीवर घालून भर दुपारी धक्क्यावरून नेला. कोणी शिट्टी मारली, तिने मान वळवली नाही. बर्फाची पेटी हलवून तिच्याखालच्या भोकांत एलवुडने ठोकलेली लाकडी बुचे तिने एकेक करून काढली, बोल्ट घट्ट पिळले, नळी टाकीला जोडली आणि पाणी सोडून पाहिले. गळत नव्हते.

समोरून होडी चालली होती. मर्ना हात पुसत बाहेर आली आणि ओरडली, "ओटिस, पुढच्या शनिवारी इकडे वळव! वहीत नाव चढू दे आमचं."