सुनेपेक्षा तीन मार्क जास्त

आमच्या व्याह्यांशी ज्याची सोयरीक झाली, त्याला जगातल्या दुसऱ्या कोणत्याही गोष्टीचा धक्का बसणं बंद होतं, असं माझं अनुभवाचं मत आहे. मी स्वतः धक्क्यांची सवय नसलेला माणूस. आदिलाबादला एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, घरातलं गॅसचं सिलिंडर कोणत्या आठवड्यात संपणार हे मला आधी ठाऊक असतं, आणि अचानक काही घडलं की तो मला कोणाचा तरी निष्काळजीपणा वाटतो. अशा माणसाची एकुलती एक मुलगी बोथला, या गृहस्थांच्या घरी पडली. लग्नाच्या बैठकीत मी देण्याघेण्याचे तीन वेगवेगळे आकडे मनात जुळवून बसलो होतो. चहा झाला, आणि व्याह्यांनी चष्मा पुसत मला विचारलं, "हुंडा घेतला त किती वर्साची सजा होते, ठाऊक हाय ना तुमाले?" आवाज असा, की जणू मीच घेताना सापडलो होतो. मी खालमानेनं "हो" म्हटलं. बाहेर आल्यावर माझ्या भावानं समजावून सांगितलं की ते काहीही मागत नाहीत, आनंदाची गोष्ट आहे. मला आनंद व्हायला दोन दिवस लागले.

त्यांचं बोथच्या बाजारात दोर, ताडपत्री आणि फवारणीच्या पंपांचं दुकान आहे. पण दुकान हा त्यांचा जोडधंदा. मुख्य धंदा कायदा. बी.ए.ची पदवी त्यांनी चाळिशी उलटल्यावर मुक्त विद्यापीठातून घेतली आणि तेव्हापासून छापलेल्या प्रत्येक ओळीला ते करारनामा समजतात. पंपाच्या खोक्यावरची सूचना गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय ते पंप देत नाहीत. एकदा न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली असताना त्यांचं लक्ष दरपत्रकाकडे गेलं. "दाढी" असं लिहिलं होतं, "मिशीसह" की "मिशीशिवाय" ते लिहिलं नव्हतं. यावर वाद इतका रंगला की अर्ध्या दाढीनं ते तहसील कार्यालयापर्यंत जाऊन आले. गावात कोणाचा जमिनीचा पट्टा अडला, कोणाची पहाणी, म्हणजे सातबाऱ्याची नोंद, चुकली, की लोक दरखास्त लिहून घ्यायला त्यांच्याकडे येतात. ते लिहितात, वाचून दाखवतात, आणि शेवटी स्वतःच फैसलाही सांगून टाकतात. समोरचा मान डोलावतो. वयानं मोठा माणूस, वर पैसे घेत नाही, मग मान डोलावण्यात जातं काय?

माझ्या मुलीला वकिलीला जायचं होतं. लग्नाआधी मीच ते लांबणीवर टाकलं होतं, आणि लग्नानंतर तिनं सासरी ते बोलून दाखवलं, हा मला बसलेला पहिला खराखुरा धक्का. दुसरा त्याच आठवड्यात बसला. नात्यातल्या एका बारशाला बायकांत कुजबुज झाली की, सून परगावच्या कॉलेजात एकटी राहणार काय, आणि सोबत कोणाची. पाळणा म्हणणं चालू असतानाच व्याही उठले आणि म्हणाले, "सोबत माही. मी बी फारम भरतो." बाईनं पाळणा थांबवला. मला वाटलं, चेष्टा असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर सांगितलं की तीन वर्षांच्या वकिलीला वयाची वरची अट नाही, त्यांनी पूर्ण माहितीपत्रक वाचलं आहे, आणि दोघांचे फॉर्म भरले आहेत; दुकान जावई सांभाळतील. सासरा आणि सून एकाच वर्गात बसणार.

अभ्यासाची सुरुवात बासरला करायची असं ठरलं, आणि मला गाडी घेऊन बोलावणं आलं. मी समजलो, सरस्वतीचं दर्शन घ्यायचं असेल. तिथं अक्षराभ्यासाला लहान मुलांची रांग असते हे सर्वांना माहीत आहे. आईबाप मांडीवर पोर घेऊन बसतात, पुजारी पोराचं बोट धरून तांदळात अक्षर गिरवून घेतो. व्याह्यांनी खिडकीवर तिकीट काढलं, पाटी घेतली आणि त्या पोरांच्या ओळीत मांडी घालून बसले. पुजाऱ्यानं तेलुगूत विचारलं, बाळ कुठं आहे? व्याह्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं. पुजारी माझ्याकडे बघू लागला, जणू मी याचा पालक. मी खांबाकडे बघू लागलो. व्याह्यांनी भिंतीवरच्या फलकाकडे हात केला: दर लिहिला आहे, वय कुठं लिहिलं आहे? शेजारचं एक पोर त्यांच्या मिशा बघून रडायला लागलं. शेवटी पुजाऱ्यानं एकोणसाठ वर्षांच्या माणसाचं बोट धरलं आणि तांदळात अक्षर गिरवून घेतलं. माझी मुलगी मागे डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

मग सराव परीक्षा सुरू झाल्या. दर रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या अंगणात दोन खुर्च्या मांडायच्या. सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसायला तयार नव्हती. त्यावर व्याह्यांनी कायद्यापुढे सगळे समान असतात असं सांगितलं आणि तिला बसवलं. ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर. विहीणबाई पर्यवेक्षक. त्यांना फक्त घड्याळ समजत होतं, पण ते इतकं समजत होतं की दीड तास संपला की अर्धवट गोल काळा करत असलेला नवऱ्याचा पेन त्या हातातून काढून घेत. एकदा व्याही मान लांब करून सुनेच्या कागदाकडे बघताना सापडले. विहीणबाईंनी त्यांची खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि म्हणाल्या, "पोरीचं पाहून वकील होनार काय तुमी?" चुकल्यास मार्क कापत नाहीत हे कळल्यावर माहीत नसलेल्या सगळ्या प्रश्नांना व्याह्यांनी दुसऱ्या क्रमांकाचाच पर्याय दिला, कारण दुसऱ्या माणसाचं म्हणणंही ऐकून घ्यावं. पण त्यांचा खरा घोळ कायद्याच्या प्रश्नांत व्हायचा. क्षची म्हैस यच्या वावरात शिरली, जबाबदार कोण, असा साधा प्रश्न. व्याही पेन खाली ठेवत आणि विचारत की यनं कुंपण काऊन नाई केलं. मग दोघांना बोलावून समजावून सांगावं, असा पाचवा पर्याय ते स्वतःच्या हातानं लिहीत. एकशेवीस प्रश्नांतले कित्येक प्रश्न त्यांनी असे तडजोडीत काढले.

उत्तरांची यादी पुस्तकाच्या मागे बारीक टाइपात. ती व्याह्यांना दिसेना, म्हणून दोघांचे पेपर तपासायचं काम सुनेकडे आलं. तपासून झालं की व्याह्यांचा मला फोन. पहिल्या रविवारी म्हणाले, "इवाई, आज मी एकसष्ट, सूनबाई अठ्ठावन." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मला धक्का बसला, पण सुखद. या माणसाला एकसष्ट? पुढच्या रविवारी चौसष्ट आणि एकसष्ट. त्याच्या पुढे सदुसष्ट आणि चौसष्ट. "पोरगी माह्या मागं मागं येऊन राह्यली," ते म्हणत, "घाबरू नका, मी तिले वढून नेतो." मी आभार मानत होतो. मग एका रविवारी त्यांना ताप होता. डोकं गरगरत होतं तरी पेपर दिला म्हणाले. बावन्न. सुनेला एकोणपन्नास.

मी जिनिंगमध्ये इतकी वर्षं काढली आहेत. दोन खाती दर वेळी सारख्याच अंतरानं चढायला-उतरायला लागली की तिथं कोणाचा तरी हात असतो, एवढं मला कळतं. सासऱ्याला ताप आला तर सुनेचे मार्क का उतरावेत? मी सोमवारी रजा टाकली आणि बोथची बस धरली.

व्याही दुकानात होते, विहीणबाई शेजारी गेलेल्या. मुलगी चुलीपाशी भाकरी थापत होती. मी विचारलं, खरे किती? तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मग सांगितलं. पहिल्या पेपरला मामाजींना चौतीस, तिला त्र्याऐंशी. पास व्हायलाच बेचाळीस लागतात. चौतीस सांगितले असते तर त्यांनी तिथंच पुस्तक मिटलं असतं. आणि ते नाहीत म्हणजे सोबत नाही, सोबत नाही म्हणजे कॉलेज नाही. म्हणून त्यांचे वाढवले, तापाच्या दिवशी जरा कमी वाढवले. आणि सुनेनं सासऱ्याच्या वर कसं जायचं, म्हणून स्वतःचे कमी केले. हे सगळं ती भाकरी पलटत, शांतपणे सांगत होती. माझ्या मुलीनं आकडे खोटे लिहिले होते, हे मी दोनदा मनात म्हणून बघितलं, तरी पटेना.

"बाबा, तुम्ही काही बोलू नका," ती म्हणाली. मी कबूल केलं. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला मार्क सांगायचे नसतात, हे मलाही कळत होतं.

मागच्या अंगणात चहाला बसलो तेव्हा व्याही गंभीर होते. म्हणाले, ते विचार करून राहिले आहेत. साठ-पासष्टात चांगल्या कॉलेजात जागा मिळत नाही. ते स्वतः पुढे आहेत, त्यांचं बघता येईल, पण सून मागं पडते. तेव्हा या वर्षी तिनं बसू नये. ते एकटे परीक्षा देऊन अनुभव घेऊन येतील आणि पुढच्या वर्षी दोघं देतील. विहीणबाईंनी कप ठेवत लगेच सांगितलं की पुढच्या वर्षी मग पाळण्याचं बघू, वकिलीचं नाही. मुलगी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, कोणाकडेच बघितलं नाही.

मी आयुष्यात इतक्या मोठ्यानं कधी बोललो नसेन. म्हणालो, "व्याही, ते मार्क खरे नाहीत."

मग मी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मला वाटलं, सोयरीक संपली. आता हा माणूस कलमं सांगेल, फसवणुकीचं कोणतं आणि बनावट कागदाचं कोणतं. त्यांनी सुनेला जवळ बोलावलं.

"गेल्या खेपेचे माहे खरे किती?"

तिनं विहीणबाईंकडे बघितलं.

"आकडा सांग, बेटा."

"एकेचाळीस, मामाजी."

"आन् तुहे?"

ती पदर चाचपू लागली. शेवटी ती जमिनीकडे बघत म्हणाली, "एकशे एक."

व्याही खुर्चीत मागे टेकले. चष्मा काढला, पण पुसला नाही. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "इवाई, म्या एवढ्या लोकायचे फैसले केले. एकानं बी मले मान हलवून 'नाई' म्हनलं नाई. तवा बी असेच मार्क देऊन राह्यले असतीन लोक."

ते उठले, भिंतीकडे तोंड असलेली खुर्ची ओढून सुनेच्या खुर्चीशेजारी ठेवली, आणि तिला म्हणाले की आता चुका सांग, एकेक. ती सांगू लागली. आधी अगदी हळू, मग थोडी मोठ्यानं. म्हशीच्या प्रश्नावर त्यांनी वाद घातलाच. तिनं तिथं त्यांना चक्क थांबवलं आणि म्हणाली, "मामाजी, प्रश्नात नाही ते विचारायचं नाही." व्याह्यांनी मान डोलावली.

परीक्षा दोघांनी दिली. सुनेला पाहिजे त्या कॉलेजात जागा मिळाली. व्याही पास झाले, पंचेचाळीस मार्कांनी, आणि ते त्यांनी गावभर खरे सांगितले; पण पंचेचाळिसात त्या कॉलेजच्या आसपासही जागा नव्हती. मला वाटलं, आता पुन्हा सोबतीचा प्रश्न निघेल. पण जावयांनी तिची ट्रंक बांधली, विहीणबाईंनी चिवड्याचे डबे भरायला घेतले, आणि कोणी कोणाला न विचारता जाण्याचा दिवस ठरला.

आदिलाबादच्या बसस्टँडवर आम्ही दोघे व्याही तिला पोचवायला गेलो. ती पाया पडली, बसमध्ये चढली, खिडकीतून हात हलवला. बस गेली तरी व्याही फलाटावरून हलेनात. तेवढ्यात बोथकडचे एक ओळखीचे गृहस्थ आले आणि विचारते झाले, सूनबाई एकटीच गेली काय? मी लगेच सावरून उभा राहिलो. आता राज्यघटना, कलम, नोटीस, सगळं निघणार आणि इथं गर्दी जमणार.

"हो," व्याही म्हणाले. "सोबत मी जानार होतो. मार्क कमी पडले."

एवढंच बोलून त्यांनी रिकामी पिशवी काखेत घातली आणि चालायला लागले. नेहमी मला गाठता येऊ नये अशा वेगानं चालणारा हा माणूस; त्या दिवशी त्यांच्याबरोबर राहायला मला पावलं आवरती घ्यावी लागली.