पूर्णेची दरड

अमरावतीहून मी आणि माझ्या मार्गदर्शक मॅडम पूर्णेकाठच्या एका शेतात गेलो होतो. नदीनं कापलेल्या उभ्या दरडीतली वाळू आम्हाला हवी होती. गाडले गेलेले वाळूचे कण आजूबाजूच्या मातीतल्या किरणोत्साराची ऊर्जा साठवत राहतात. प्रयोगशाळेत त्यांच्यावर प्रकाश टाकला की ते क्षीणसे चमकतात, आणि त्या चमकेवरून थराचं वय काढता येतं. मात्र आधीच ऊन लागलं तर साठवलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून वाळू भरून घेण्यासाठी दरडीत ठोकलेली लोखंडी नळी काढायला मी डोक्यावरून जाड काळं कापड घेऊन दरडीत खणलेल्या खळग्यात वाकले.

मानेवरच्या कापडावर माती भुरभुरली.

"मॅडम, वरून काहीतरी पडतंय."

"बाहेर ये. लगेच."

मी मागे सरकायच्या आत दरड ढासळली. आवाज फारसा झालाच नाही. कापड तोंडाला चिकटलं आणि छातीपर्यंत मातीनं आवळलं. श्वास सोडला की माती तेवढी आत सरकायची, पुढचा श्वास आणखी लहान व्हायचा. ओरडायचं नाही, हवा जाईल, एवढंच डोक्यात होतं. आईसुद्धा आठवली नाही.

मग शेतमालकीण काकूंचा आवाज आला. त्या वरच्या बांधावर तण काढत होत्या, तिथून धावत खाली आल्या होत्या.

"पोरी, आयकू येते का तुले?"

"हो."

"हालू नको. मी कापड फाडून राहिली."

विळ्याचं टोक गालाजवळून गेलं आणि उजेड आला. मॅडम दोन्ही हातांनी माती उपसत होत्या. वर, आमच्या तिघींच्या डोक्यावर, दरडीचा तडा गेलेला एक भला मोठा भाग अजून लटकत होता.

"काकू, तुम्ही दूर व्हा. वर बघा."

"पाह्यलं म्या. तू चूप बस."

त्या दोघींनी काखेत हात घालून मला ओढून काढलं. तो भाग पडला नाही, पण माझी नजर त्याच्यावरून हटत नव्हती.

अकोल्याच्या दवाखान्यात कळलं की बरगडी मोडली होती. नळी दरडीतच राहिली. हिवाळ्यात आम्ही उभी दरड टाळून, कमी उताराच्या जागेवरून नवे नमुने आणले.

ते अंधाऱ्या खोलीत, मंद लाल दिव्यात उघडायचे असतात. दार लागलं आणि माझा श्वास अडकला. मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"बोलत राहा," त्या म्हणाल्या. "काहीही बोल."

घरी कोणती भाजी केली होती, तिथपासून मी सुरुवात केली. नळी उघडताना निम्मी वाळू टेबलावर सांडली, पण उरलेली वय काढायला पुरली.