तंबाखूच्या रानातली चरग

आज एळ अमावस्या, आई गेल्यानंतरची पहिली. शेजारच्या घरातून तीळ लावलेल्या भाकरीचा वास आला आणि मी मनाने निपाणीजवळच्या आमच्या रानात जाऊन पोचलो.

या दिवशी घरचं अन्न उभ्या पिकात शिंपडतात, त्याला चरग म्हणतात. आमच्या रानात तंबाखू वर्षानुवर्षं वाढत गेली होती. मी शाळेत असताना एका वर्षी आप्पांनी ज्वारीचा शेवटचा पट्टाही तिलाच दिला. बुट्टी डोक्यावर घेऊन आई बांधावर थांबली.

“हिला कसली चरग घालू? शेळी बी तोंड लावत न्हाय हिला.”

“घाल की गं,” आप्पा हसले. “देव बिडी वडंल.”

“मग वर्सभर तंबाखूच खावा तुमी.”

ती शेजाऱ्यांच्या रानात गेली आणि त्यांना विचारून त्यांच्या ज्वारीला आमचं अन्न शिंपडून आली. मला तेव्हा फार लाज वाटली. तिला आमच्या ताटातल्या भाकरीची काळजी होती, हे आता कळतं. आप्पा पानांच्या चिकाने काळे झालेले हात धोतराला पुसत राहिले.

पुढच्या वर्षी त्यांनी विहिरीकडचा तुकडा ज्वारीला सोडला. पण तंबाखूने आणि तिच्यावरच्या फवारण्यांनी तिथली माती पार खंगली होती. कणसं अंगठ्याएवढीच आली.

“एवढ्याशा पिकाला कशाला घालतीस?” आप्पा ओशाळून म्हणाले.

आईने मूठभर अन्न सऱ्यांत टाकलं. “रान लई दमलंय. आधी त्याला जेवू द्या.”