दुसऱ्या सीझनचे हसू

कचेरीतल्या माणसांवरची विनोदी मालिका पहिल्या सीझनपेक्षा दुसऱ्यात अधिक का आवडते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले.

गडचांदूरच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही दोघी शिक्षिका एकत्र डबा खात असू. मी गणिताची आणि त्या भूगोलाच्या बाई. सिमेंट कारखान्याची धूळ डब्यात नको म्हणून खिडकी लावून घ्यायची, मोबाईल माझ्या डब्याच्या झाकणाला टेकवायचा आणि मालिका सुरू करायची. नियम एकच होता: घरी पुढचे पाहायचे नाही. तो त्यांनीच घातला होता. एकटीने पाहण्यात कसली मजा, असे त्यांचे म्हणणे.

पहिल्या सीझनमध्ये माणसांची ओळख होते. मालिकेतले साहेब खुर्ची मागे सरकवतात आणि मगच खोटे बोलतात, हे ध्यानात यायला वेळ लागतो. दुसऱ्यात ते ठाऊक असते. खुर्ची सरकली की आपण हसतो. खोटे अजून बोलायचेच असते. हसू विनोदाच्या आधी येते, हे माझे उत्तर. ते मला पडद्यावरून नव्हे, बाईंच्या चेहऱ्यावरून सुचले होते. त्या नेहमी माझ्या आधी हसत.

मग मालिकेत नवा हिशेबनीस आला. त्याची सवय आम्हाला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तो कपाटाकडे वळला, त्याने हात उचलला, आणि बाई हसल्या. त्यानंतर त्याने स्वतःच्याच कपाटावर टकटक केली आणि अदबीने उघडू का म्हणून विचारले.

मी मोबाईल थांबवला.

"तुम्ही हे पाह्यलं आहे," मी म्हणाले.

त्यांनी पोळीचा तुकडा भाजीत बुडवून तसाच ठेवला. चंद्रपूरला नणंदेकडे गेल्या असताना सारा सीझन पाहून झाला होता, म्हणाल्या. "मले राह्यवलं नाई."

"मंग रोज इथी काऊन हसून राह्यल्या होत्या?"

"तुम्हाले बरं वाटावं म्हणून." मग म्हणाल्या, "सिरीयलच तं आहे बाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीशी माझी खुर्ची ओढून ठेवली होती. मी सातवीच्या रिकाम्या वर्गात जाऊन डबा उघडला.

उरलेले भाग मी घरी एकटीने पाहिले. साहेबांची खुर्ची सरकली, तेव्हा मला हसू आले नाही. पण एकटीचा तो अनुभव पुरावा म्हणून धरता येत नाही. बाईंचे कोणते हसू ओळखीतून आले, कोणते आधी पाहिल्यामुळे आणि कोणते केवळ माझ्यासाठी, हे आता वेगळे काढता येत नाही. आणि माझे सारे उत्तर त्याच हसण्यावर उभे आहे. म्हणून वाचकांना विनंती, ज्याने पुढचे खरोखर पाहिलेले नाही अशा माणसाशेजारी बसून दुसरा सीझन पाहावा, आणि हसू विनोदाच्या आधी येते का, ते स्वतः तपासावे.