दारफाळणीचा पाहुणा

जालन्यात बेने इस्रायलांचं घर एकच होतं, आणि वर्षातून एक दिवस त्या घराची दारं दिवसाढवळ्या बंद असायची. गल्लीत कुणी नवी आलेली बाई घाबरून विचारायची, "यहुद्याच्या घरात मयत झाली का काय?" तर शेजारची द्वारकाबाई म्हणायची, "न्हाई गं माय. त्यांची दारफाळणी हाय. पांढरी कापडं घालून बसत्यात, पाणीबी पीत न्हाईत. आज त्यांची मेलेली माणसं घरी येत्यात म्हणं."

आत हसाजी वाकरूळकर भिंतीला टेकून बसलेला असे. त्याचा आजा फौजेबरोबर जालन्याच्या छावणीत आला. छावणी उठली, आजा राहिला. हसाजी जीनिंगात फिटर होता. कापसातली सरकी काढणाऱ्या त्या यंत्रांचा आवाज ऐकून कुठं काय बिघडलंय ते सांगायचा. सगळे त्याला इमानदार फिटर म्हणत.

दारफाळणीला त्याचे आई-बाप यायचे, तापात गेलेली धाकटी बहीण यायची, आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, जायची. त्यांची त्याला भीती नव्हती. पण अलीकडे सगळ्यांच्या आधी दुसराच कुणी येई. आधी जळक्या रुईचा वास यायचा, मग उंबऱ्याच्या आत कुणी उकिडवं बसल्यासारखं वाटायचं. हात मांडीवर, तळवे वर.

"कुणाकडे बघताय?" त्याची बायको राहेलबाई विचारायची.

"कुणाकडं न्हाई."

"मग सरकून जागा कुणाला दिलीत?"

हसाजी टोपी डोळ्यांवर ओढून घेई. आणि हा पाहुणा शिळ्या सणालाही जात नसे. तो जीनिंगातसुद्धा मागं मागं यायचा.

त्याचं नाव बदरोद्दीन. तो जीनिंगाचा पहारेकरी होता. ऐन हंगामातला एक शुक्रवार. गाड्यांची रांग, यंत्रं बंद करायला फुरसत नाही. घरी जाण्याआधी मोठ्या शाफ्टाच्या बेअरिंगला तेल द्यायचं काम हसाजीचं. पण दिवस बुडायला आला होता आणि दिवस बुडला की शब्बाथ, मग कामाला हात लावायचा नाही. दिवा लागायच्या आत घरी पोचायचं म्हणून तो तेल न देताच निघाला. देवासाठी घाई केली, असं तो पुढं स्वतःला कितीदा तरी सांगणार होता.

कोरडं बेअरिंग तापलं, चिकटलेल्या रुईनं पेट घेतला. धूर बघून हसाजी परत धावला. बाकीचे यायच्या आत त्यानं पाहिलं ते एवढंच: बदरोद्दीन एकटा ओल्या गोणपाटानं आग झोडपत होता, आणि गोणपाट जळून गेल्यावर हातांनी.

सकाळी शेठनं सगळ्यांना अंगणात उभं केलं. आग कशानं लागली? हसाजी म्हणाला, "बदरोद्दीन बिडी ओढतो."

वाक्य खरं होतं. म्हणून तर ते इतकं टिकलं.

"हात दाखव रे," मुकादम भुजंग म्हणाला. दोन्ही तळवे भाजलेले. "घ्या! ह्यानंच लावली."

बदरोद्दीननं फक्त हसाजीकडे पाहिलं. हसाजी तेलाची बुधली पुसत राहिला.

बदरोद्दीनला काढलं, आणि कुणी पुन्हा कामावर घेतलं नाही. पोरं मागून 'आगलाव्या' ओरडायची. काही वर्षांनी तो छातीच्या दुखण्यानं गेला. हसाजी मयताला गेला नाही. त्याच साली दारफाळणीला उंबऱ्यात पहिल्यांदा कुणी बसलं.

पुढं भाच्याच्या लग्नाला मुंबईला गेला, तेव्हा हसाजीनं सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या म्हाताऱ्या हजानला गाठलं.

"एका ओळखीच्या माणसाचं विचारतो. त्यानं एकाचं वाईट केलं. दरसाल कडक उपास धरतो. सुटंल का?"

"देवाचं केलं असेल तर सुटेल. माणसाचं केलं असेल, तर आधी त्या माणसाच्या दारात जायचं. देव दुसऱ्याच्या वतीनं माफ करत नाही."

"तो वारला असंल तर?"

"तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जायचं. नाव घेऊन, काय केलं ते मोठ्यानं सांगायचं." म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "तुमचा ओळखीचा राहतो कुठं?"

"जालन्याला. तिथं आपलं एकच घर हाय."

"मग आपली दहा कुठली? कठीण आहे."

कठीण! तो शब्द हसाजीनं उराशी धरून घरी आणला. दहाजण नाहीत, म्हणजे जमणारच नाही, म्हणजे आपला काय दोष? दोन दारफाळण्या त्यानं त्या शब्दाच्या आड काढल्या. पाहुणा मात्र येतच राहिला. आता तो उंबरा सोडून आत, हसाजीच्या अगदी समोर बसू लागला.

तिसऱ्या साली, बंद दारांआड, हसाजीनं बायकोला सगळं सांगितलं. राहेलबाई ऐकत राहिली. रडली नाही.

"दहा माणसं मिळत न्हाईत," तो शेवटी म्हणाला.

"शेठच्या अंगणात बोललात, तेव्हा किती माणसं होती?"

"असतील पंधराएक."

"त्यांत आपल्यातलं कोण होतं?"

"आपल्यातलं? कुणी न्हाई."

"खोटं बोलायला ती माणसं चालली. खरं बोलायला चालत नाहीत?"

दुसऱ्या दिवशी हसाजी भुजंगाकडे गेला.

"मुकादम, मयताला चला."

"कुणाच्या?"

"बदरोद्दीनच्या."

"फिटर, उपास डोक्यात गेला का? तो जाऊन जमाना झाला!"

"मी तवा गेलो न्हवतो. आता चाललो. तुम्ही पायजेत."

असाच तो एकेकाकडे गेला. कारण कुणाला सांगितलं नाही. पण हा माणूस कधी कुणाकडे काही मागत नसे, म्हणून दहाजण आले. सगळे त्या दिवशी शेठच्या अंगणात उभे राहिलेले. बदरोद्दीनच्या घरीही तो गेला, पण माणसं घेऊन कबरीवर येतोय एवढाच निरोप दारातून देऊन परत आला.

कबरस्तानाच्या फाटकाशी वजनकाट्यावरचा बद्रीनाथ थांबला. "आत? ह्या दिवसांत? गावात हिंदू-मुसलमानांचं काय वारं सुटलंय, म्हाईत न्हाई का?" म्हणाला आणि वळून गेला. उरले नऊ. हसाजीला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याचंच त्याला भय वाटलं.

बायका आत जात नाहीत म्हणून ठेंगण्या भिंतीबाहेर बदरोद्दीनची बायको अकबरबी उभी होती. आत, हाताची घडी घालून, तिचा टांगेवाला मुलगा महेमूद.

"कितने होना?" त्यानं विचारलं.

"दहा. एक कमी पडला."

"मंग दहावा मी. बोला जल्दी."

"तुझ्यासमोर कसं..."

"माझ्यासमोरच."

हसाजीनं डोक्यावरची टोपी नीट केली. "मी इस्राएलाच्या देवाचा गुन्हेगार हाय, आणि बदरोद्दीनचा गुन्हेगार हाय. बेअरिंगला तेल मी दिलं न्हाई. आग माझ्यामुळं लागली. ह्याचे हात आग विझवताना भाजले, ते मी डोळ्यांनी बघितलं. आणि शेठसमोर मी बिडीचं नाव घेतलं."

मग भुजंगाचा आवाज फुटला. "अरे हरामखोरा! तुझ्या शब्दावर मी त्याला ह्या हातांनी ढकलत बाहेर काढलं."

"व्हय."

"व्हय काय म्हणतो?"

"उद्या शेठसमोर अंगणात हेच बोलतो. कामावरून काढू द्या."

महेमूद जवळ आला. "चाचा, माफी मी देणार न्हाई. आज तर बिलकुल न्हाई."

"बरं बाबा."

माणसं चपला शोधू लागली. तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला. "हसाजीभाई, हात कशानं भाजले ते पुन्यांदा बोला."

त्यानं पुन्हा सांगितलं. गोणपाट. मग हात.

अकबरबीनं भिंत धरली. "पट्टी मी बांधत व्हते. रोज इचारायची, खरं सांगा, का लावली आग? ते म्हणायचे, न्हाई लावली. मी म्हणायची, मंग हात कसे भाजले? ते म्हणायचे, विझवताना. मी म्हणायची, झूट." ती थांबली. "मरेपर्यंत इचारत राह्यले मी. मरताना पाणी पाजलं तेबी तोंड फिरवून."

"अम्मी, चल घरी," महेमूद म्हणाला.

"न्हाई. ह्या लोकांना जाऊ देऊ नको. मलाबी दहा माणसं लागतात."

चपला घातलेल्यांनी चपला पुन्हा काढल्या. भुजंग परतून जागेवर उभा राहिला. हसाजी कबरीपासून मागं सरला आणि ऐकणाऱ्यांच्या रांगेत शेवटी जाऊन थांबला. कुणी त्याला तिथून हाकललं नाही.

अकबरबीनं पदर डोक्यावर ओढला. नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. तिनं दोन्ही तळवे भिंतीवर टेकवले.

मग तिनं ते मोठ्यानं घेतलं.