टिपणीस सरांचं प्रास्ताविक

टिपणीस सरांच्या पोटावर मी कितीतरी चित्रपटांची नावं वाचली आहेत. म्हणजे व्हायचं असं की हॉलमध्ये अंधार व्हायचा, प्रोजेक्टर सुरू व्हायचा, पडद्यावर नाव उमटायचं आणि नेमके त्याच क्षणी सर पडद्यासमोर येऊन उभे राहायचे. चित्रपटाचं नाव त्यांच्या क्रीम कुर्त्यावर, दिग्दर्शक खिशाजवळ. लॅपटॉपवर बसलेल्या माझ्या नवऱ्याला ते हात करून सांगायचे, "थांबव जरा, श्रीरंग." मग माइकमध्ये फू फू करून म्हणायचे, "आधी संदर्भ, मग सिनेमा." त्यानंतर पाऊण तास आमच्या नशिबी नुसता संदर्भ असायचा.

हे गृहस्थ श्रीरंगचे जुने बॉस. आम्ही इथे आखातात राहतो, त्याच खलिफा सिटीत त्यांचा व्हिला होता. निवृत्तीनंतरही मुलाच्या आधाराने ते इथेच राहिले आणि आपल्या कम्पाउंडच्या कम्युनिटी हॉलमध्ये महिन्याच्या एका शनिवारी चित्रपट दाखवू लागले. मी जायला कुरकुर केली की श्रीरंग म्हणायचा, "अगं, त्यांनी मला इथे आणलं." मी म्हणायचे, "तुला आणलं ना? मग तू जा." पण जायचे. कारण घरी एकटीने बसण्यापेक्षा चारचौघांत बसून चिडणं बरं वाटायचं.

आधी सरांचं इराणी झालं, मग कोरियन झालं. मग ते अमेरिकेत भाच्याकडे गेले आणि येताना नवीन खूळ घेऊन आले. तिकडे एका वस्तीतल्या हॉलमध्ये कृष्णवर्णीय दिग्दर्शकांनी पदरमोड करून काढलेले छोटे चित्रपट दाखवत होते. पडद्याशेजारी वादक बसून तिथल्या तिथे वाजवत होते, आणि लोक हसत होते, ओरडत होते, मध्येच गात होते. सरांना ते फार आवडलं. तिकडे कोणी प्रास्ताविक केलं नव्हतं, एवढं मात्र ते सोयीस्कर विसरून आले.

कल्पना चांगली होती, हे मला कबूल करावंच लागेल. म्हणून तर जास्त संताप येतो. भिकार गोष्टीचं कोणी मातेरं केलं तर काय वाटणार? पहिल्याच वेळी सॅम्युएल नावाचा एक नायजेरियन सॅक्सोफोन वाजवायला आला होता. एरवी तो हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी वाजवायचा. पडद्यावर एक पोरगी छतावर कपडे वाळत घालत होती, बाकी काही नाही, आणि सॅम्युएलने असा सूर लावला की माझ्या अंगावर सरसरून काटा आला. माझी इरा, जिला आईबापाबरोबर कुठेही जायचं म्हणजे शिक्षा वाटते, तीसुद्धा फोन खाली ठेवून बघत होती. आणि अंधारातून आवाज आला, "थांबव, श्रीरंग!"

दिवे लागले. सर उभे. "आत्ता जे वाजलं ना, ती वेदना आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची वेदना! दिस इज नॉट एन्टरटेनमेंट." समोर निम्म्या खुर्च्यांवर नायजेरिया, घाना, केनियाची माणसं बसलेली. कोणी नर्स, कोणी शिक्षक, कोणी हॉटेलात. त्यांची वेदना त्यांना समजावून सांगायला आमच्या सदाशिव पेठेतून हा माणूस आलेला! मध्यंतरात मी सॅम्युएलला चहा नेऊन दिला आणि विचारलं, तो सूर कसला होता? तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे बारशाला वाजवतात." सरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, कलाकाराला स्वतःला कळत नसतं." सॅम्युएलचं नावही त्यांनी कधी घेतलं नाही. 'आपला सॅक्सोफोन' म्हणायचे.

पण त्यांची खरी ओळख मला पटली ती एस्थरमुळे. एस्थर घानाची. मी ज्या शाळेच्या ऑफिसात आहे तिथे ती संगीत शिकवते आणि गिटार फार सुंदर वाजवते. तिची आई भेटीला येणार होती, म्हणून ती मोठी जागा शोधत होती. सरांच्या कम्पाउंडमध्ये एक भाग रिकामा होता आणि मालक सरांच्या ओळखीचा. मी शब्द टाकला. सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "माझं काही नाही हो वहिनी. पण कम्पाउंडमधले लोक, यू नो. गाणंबजावणं असतं, जेवणाचे वास असतात..." ज्यांच्या घरच्या सुक्या बोंबलांनी अख्खी गल्ली दुपारी खिडक्या लावून घेते, ते हे बोलत होते. आणि त्याच शनिवारी माइक हातात घेऊन वंशभेदावर बोलताना त्यांनी रुमालाने डोळे पुसले होते. लाज नावाची वस्तू काही लोक मायदेशीच ठेवून विमानात बसत असावेत.

एस्थरने जागा दुसरीकडे घेतली, आई आली. आई म्हणजे थोराड, ठसठशीत बाई. घानातल्या आक्राच्या बाजारात सगळा जन्म मासे विकलेले. आवाज असा की फोनची गरज नाही. सगळे तिला मामा, म्हणजे त्यांच्याकडे आई, म्हणायचे, म्हणून मीही. मामाचा धाकटा मुलगा, कोजो, चित्रपट करायचा. मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर, कित्येक वर्षं लावून, त्याने आईवरच एक चित्रपट काढला होता. त्यातला शेवटचा भाग त्याने मुद्दाम मुका ठेवला होता. तिथे एस्थरने माणसांसमोर बसून वाजवायचं, नाहीतर तो भाग दाखवायचाच नाही, असं त्याचं म्हणणं. आणि बहीण इकडे, आई तिकडे. त्यामुळे मामाने स्वतःचा चित्रपट शेवटपर्यंत कधी बघितलाच नव्हता. "पोरगी वाजवेल तेव्हाच बघीन," म्हणून ती हटून बसलेली. आता रविवारी संध्याकाळी तिचं परतीचं विमान होतं. पुन्हा एवढा प्रवास झेपेल असं तिचे गुडघे सांगत नव्हते.

मी एस्थरला जागेचा किस्सा लपवला नव्हता. तरी ती म्हणाली, "मला त्यांचा हॉल हवाय. ते नकोत." मी म्हटलं, "बाई गं, ते हॉलबरोबर येतात."

शनिवारी मामा निळ्या-पिवळ्या कापडात, डोक्याला तसंच कापड बांधून, पहिल्या रांगेत येऊन बसली. हॉल सातपर्यंत आमचा, सातला मुलांचा कराटेचा क्लास. चित्रपट सव्वा तासाचा, पाचला सुरू करायचा. म्हणजे अगदी गाढवालाही जमलं असतं. पण आपल्या लोकांना समोर पाहुणा दिसला की हात शिवशिवतात. आधी दीपप्रज्वलन. मग संदर्भ. मग सत्कार. मामाच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. तिने नारळ कानाशी नेऊन हलवला आणि खूश होऊन एस्थरला सांगितलं, "पाणी आहे." तेवढा एकच माणूस त्या सोहळ्यात काहीतरी अर्थाचं बोलला. पावणेसहा वाजत आले तरी पडदा पांढराच. मी श्रीरंगला डोळे वटारून खुणावत होते, तो खांदे उडवत होता.

शेवटी सुरू झाला. आणि काय सुंदर होता! मामा पहाटे किनाऱ्यावर, मामा गिऱ्हाइकाला झापताना, मामा जावयाची नक्कल करताना. हॉलमधली घानाची मंडळी हसून लोळत होती, खरी मामा पडद्यावरच्या मामाला शिव्या घालत होती. दोनदा सरांनी थांबवायला लावून वेदना दाखवली. तिसऱ्यांदा मामानेच मागे वळून म्हटलं, "या माणसाला पोटात दुखतंय का?"

मग आवाज गेला. पडद्यावर मामाने ट्रंक उघडली. आतून घडी घातलेलं लाल कापड काढलं. इकडे एस्थरने गिटार मांडीवर घेतली आणि पहिली तार छेडली. खरी मामा खुर्चीत सरसावून बसली, शाल बाजूला टाकली. तेवढ्यात दार उघडलं. पांढऱ्या कपड्यांतली, कमरेला पट्टे बांधलेली पोरंच पोरं, आणि त्यांच्या पुढे वॉचमन. "सर, टाइम खलास. यल्ला, चला, प्लीज."

वॉचमनकडे दहा मिनिटं मागता आली असती. पोरं काही मारायला उठली नसती, फारतर खाली बसून बघितलं असतं. पण सर पडद्यासमोर आले. "थांबव, श्रीरंग. वेळेअभावी शेवट मी दोन वाक्यांत सांगतो." आणि इंग्रजीत त्यांनी सांगितलं की ही माउली आता ते लाल कापड पांघरते, खाटेवर पडते आणि शांतपणे जगाचा निरोप घेते. टाळ्या झाल्या. आपल्याच लोकांनी वाजवल्या. एस्थरचा हात तारांवर तसाच राहिला.

मामाने माझ्याकडे वाकून विचारलं, "कोण मेलं?"

"तुम्ही," मी म्हणाले. दुसरं काही सुचेनाच, इतका संताप आला होता.

मी तडक सरांपुढे गेले. "सर, हा चित्रपट तुम्ही बघितलाय का?"

ते समजूतदार हसले. हे हसू मला फार वर्षं सहन करावं लागलं आहे. "वहिनी, अशा चित्रपटांचा शेवट अनुभवानं कळतो." आणि आभार प्रदर्शनाला वळले. कराटेची पोरं दारात ताटकळलेली, आणि हे हॉलच्या सफाईवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानतायत! तेवढ्यात शेवट दाखवून झाला असता हो!

एस्थर गिटार पेटीत घालत होती. "सोड," ती म्हणाली. तिचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "सोडत नसते. उद्या सकाळी माझ्या घरी." आणि श्रीरंगला बजावलं, "उद्या कोणीही, अगदी कोणीही, थांबव म्हटलं तरी तुझं बोट हललं तर बघ." तो बिचारा म्हणाला, "नाही हलणार." बॉसच्या बाबतीत त्याने असं काही बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

रविवारी सकाळी पडदे ओढले, भिंतीवर पांढरी चादर ठोकली. सॅम्युएल आला, इराने आपल्या मैत्रिणी बोलावल्या. आणि मामाचा हट्ट, "त्या शालवाल्यालाही बोलाव. त्याने मला नारळ दिला." मी दात-ओठ खाऊन फोन केला. सर आले, दारातच म्हणाले, "आधी दोन शब्द..." मी त्यांच्या हातात शंकरपाळ्यांची बशी कोंबली. "सर, खा."

ट्रंक उघडली. लाल कापड बाहेर आलं. एस्थरने वाजवायला सुरुवात केली, आणि सरांचा फोन वाजला. "हां हां, बोला बोला," करत ते बाल्कनीत गेले आणि काचेचं दार त्यांच्यामागे लागलं. देव असतो कधीकधी.

पडद्यावरच्या मामाने ते कापड नेसलं. आरशात बघून दात तपासले. बाहेर अंगणात नातीचं लग्न चाललं होतं. मामा उंबऱ्यावर थांबली, गुडघ्यावर हात दाबला आणि नाचायला लागली. तो जड देह असा डुलत होता की शेजारच्या बाया भांडी टाकून धावल्या. एस्थरची बोटं तिच्या पावलांबरोबर पळत होती. आणि आमच्या सोफ्यावर बसलेली मामा मोठ्याने गायला लागली. जे गाणं तिथे अंगणात चाललं असेल, तेच. मुक्या चित्राला तिने आवाज दिला. सॅम्युएलने टाळ्यांचा ठेका धरला. मी ढसाढसा रडले, काही लपवलं नाही. इरा म्हणाली, "आई, आर यू ओके?" आणि स्वतःच डोळे पुसायला लागली. मामा म्हणाली, "बघितलं? कोजो म्हणायचा, चांगली दिसतेस. मला वाटायचं खोटं बोलतो."

दार सरकलं. सर आत आले. पडदा काळा, आम्ही सगळे डोळे पुसतोय. त्यांनी एक दीर्घ उसासा टाकला आणि म्हणाले, "पाहिलंत? मृत्यू किती संयत दाखवलाय."

मामाने विचारलं, "काय म्हणतोय?"

मी सांगितलं, "म्हणतायत, तुम्ही फार छान मेलात."

ती असं हसली की सोफा हलला. "मेले तर जेवण कुठंय? आमच्याकडे मयताला अख्खं गाव जेवतं. विचार त्याला."

मी सरांना सरळ सांगितलं, सर, त्या नाचल्या. लग्नात नाचल्या. ते वळून चादरीकडे बघायला लागले. मला वाटलं, आता तरी! पण नाही. त्यांनी एक शंकरपाळी तोंडात टाकली आणि म्हणाले, "तेच ते, वहिनी. सिम्बॉलिकली." एस्थरने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. काही माणसांवर रागावणंही वाया जातं. संध्याकाळी मामाला विमानतळावर सोडलं.

पुढे मुलाची बदली झाली आणि सर कायमचे पुण्याला गेले. निरोप समारंभाला मी गेले, जेवले आणि आले. हॉल आता एस्थर आणि सॅम्युएल चालवतात. प्रास्ताविक नाही, कोणी बोलायला उभं राहिलंच तर लोक "यल्ला, यल्ला" करून बसवतात. गर्दी दुप्पट आहे.

परवा कोथरूडहून माझ्या मैत्रिणीचा फोन आला. तिकडच्या कुठल्याशा मंडळात टिपणीस सरांचं व्याख्यान झालं होतं. ती भारावून गेली होती. "अगं, एका आफ्रिकन कोळिणीच्या मृत्यूचा प्रसंग असा सांगितला त्यांनी, लोक हुंदके देत होते. म्हणाले, तिच्या शेवटच्या क्षणी मी तिथे हजर होतो. खरंच होते का गं?"

"होते," मी म्हणाले. "बाल्कनीत."

फोन ठेवला आणि मला राहवेना. एस्थरला विचारलं, मामा कशी आहे? ती म्हणाली, आत्ताच बाजारातून आली, पाय दुखतायत म्हणून सगळ्यांना शिव्या देतेय, आणि पुढच्या महिन्यात शेजारणीच्या मुलीचं लग्न आहे, त्यासाठी नवीन कापड घेतलंय.